विषय सापडला, प्रश्न कुठाय? काकूच्या डॅन्यूब क्रूझची गोष्ट

गेल्या महिन्यात पेटची तयारी करणाऱ्या एका मुलीने मला तिच्या सिनॉप्सिसचा मसुदा वाचायला पाठवला. शीर्षक होतं 'महाराष्ट्रातील कुटुंबांचे युरोप पर्यटन : एक अभ्यास'. खाली सहा उद्दिष्टं, आणि त्यातली चार 'अभ्यासणे' या क्रियापदावर संपलेली. मी हसले नाही, कारण माझा स्वतःचा पहिला मसुदा याहून वाईट होता. माझ्या गाइडनी त्यावर पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं, 'विषय कळला. प्रश्न काय आहे?'

विषय आणि प्रश्न यातला फरक मला संशोधनपद्धतीच्या पेपरात पूर्ण मार्क मिळवूनही कळला नव्हता. तो कळला अंबरनाथला काकूच्या स्वयंपाकघरात, ती लोणच्याची बरणी पुसत होती तेव्हा. म्हणून आज तीच गोष्ट सांगते. त्यात थोडं नदीचं येईल, थोडं व्हिसाचं येईल, पण ते सगळं लागणार आहे.

आमचे काका ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झाले. दादाने, म्हणजे त्यांच्या मुलाने, त्यांच्यासाठी डॅन्यूबवरची सात रात्रींची क्रूझ ठरवली. काका, काकू, दादा, वहिनी, त्यांची अकरा वर्षांची मुलगी आणि काकूची बदलापूरला राहणारी बहीण, मावशी, अशी सहा माणसं. जर्मनीतल्या पासाउला जहाजात बसायचं, ऑस्ट्रियातून मेल्क, ड्यूर्नस्टाइन, व्हिएन्ना करत स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लावाला आणि तिथून हंगेरीत बुडापेस्टला उतरायचं. पुढे दादाने स्वतःचे तीन दिवस जोडले होते. बुडापेस्टहून रेल्वेने प्राग, तिथे भाड्याचा फ्लॅट, कुणी गाइड नाही, कुणाचा झेंडा नाही. 'आपलं आपण फिरायचं.'

आता ही नदीवरची क्रूझ म्हणजे नेमकं काय, ते आधी नीट बघू. समुद्रावरच्या मोठ्या जहाजाचं चित्र डोळ्यांसमोर आणू नका. नदीवरच्या जहाजाची रुंदी लॉकच्या मापाने ठरते. ऱ्हाईन आणि डॅन्यूबला जोडणाऱ्या कालव्यावरची लॉक १२ मीटर रुंद, म्हणून जहाजं साडेअकरा मीटरच्या आत. लांबी मात्र १३५ मीटरपर्यंत. म्हणजे आपल्या लोकलच्या सहा-सात डब्यांएवढी लांब, पण अरुंद, आणि पुलांखालून जायचं म्हणून बुटकी. लॉक म्हणजे पाण्याची लिफ्ट. जहाज एका हौदात शिरतं, दार बंद होतं, पाणी सोडतात, जहाज हळूहळू खाली उतरतं. ब्रातिस्लावाच्या पुढे गाबचिकोवोला हा उतार पंधरा-वीस मीटरचा आहे. तो बघायला काका रात्री स्वेटर घालून डेकवर गेले होते. आयुष्यभर यंत्रांत राहिलेला माणूस, त्यांना चर्चपेक्षा हे आवडलं यात नवल नाही.

डॅन्यूबचे किलोमीटर मुखापासून, काळ्या समुद्राकाठच्या सुलिनापासून, उलटे मोजतात. त्या मोजणीत पासाउ साधारण २२२६ वर आणि बुडापेस्ट १६४७ वर. फरक ५८० किलोमीटरच्या आतबाहेर, म्हणजे रेल्वेने मुंबई ते अकोला. त्याला सात रात्री! तेव्हा हे वाहन नव्हेच, हे चालतं हॉटेल आहे. तुम्ही झोपता आणि गाव तुमच्याकडे येतं. बॅग एकदाच उघडायची, जेवणाची वेळ ठरलेली, उतरलात की शहर चालण्याच्या अंतरावर. जाहिरातीत विकतात तेही हेच: तुम्हाला काही करावं लागणार नाही.

परत आल्यावर मी सगळ्यांना वेगवेगळं गाठून एकच विचारलं, सगळ्यात चांगले दिवस कुठले? काका लगेच म्हणाले, "प्राग. मनासारखं फिरलो. कुणाची घंटा नाही." काकू बरणी पुसता पुसता म्हणाली, "जहाज गं. प्रागला परत घरातच आल्यासारखं झालं."

मी हे वहीत लिहून घेतलं आणि तीन आठवडे त्याचं काहीच केलं नाही. कारण तेव्हा मी एरिक कोहेन वाचत होते आणि मला काकूचं वाक्य कोहेनच्या चौकटीत बसवायचं होतं. इथे आपल्यापैकी बहुतेकजण अडकतात, म्हणून जरा थांबून सांगते.

कोहेनने १९७२ साली एका लेखात पर्यटकांचे चार प्रकार मांडले. पहिला, सगळं बांधून घेतलेल्या सहलीतला. दुसरा, कंपनीकडूनच बुकिंग करणारा पण थोडी मोकळीक ठेवणारा. तिसरा शोधक, जो आपलं आपण ठरवतो पण झोपायला बरी गादी लागते. चौथा भटक्या, ज्याला ना आराखडा ना परतीची तारीख. या चौघांना त्याने एका दोरीवर ठेवलं. एका टोकाला ओळखीचं, दुसऱ्या टोकाला अनोळखी. परक्या देशातही माणूस आपल्या सवयींचा, आपल्या भाषेचा, आपल्या जेवणाचा एक बुडबुडा बरोबर नेतो. पहिल्या प्रकारचा पर्यटक त्या बुडबुड्याच्या आतून जग बघतो, चौथा तो फोडून बाहेर पडतो.

आपल्याकडे हे लगेच पटतं. केसरी १९८४ साली सुरू झाली, वीणा वर्ल्ड २०१३ साली. मराठी बोलणारा टूर मॅनेजर आणि दिवसभर हिंडून आल्यावर संध्याकाळी आपल्या चवीचं जेवण, हे अशा सहलींचं आकर्षण आपण घराघरांत ऐकलेलं आहे. बुडबुड्याचं याहून चांगलं उदाहरण नको. म्हणून मी मसुद्यात लिहिलं: जहाज म्हणजे बुडबुडा, प्राग म्हणजे बुडबुड्याबाहेर, काकू ही पहिल्या प्रकारची पर्यटक आणि काका तिसऱ्या. तक्तासुद्धा केला होता. सुंदर दिसत होता.

गाइडनी एकच विचारलं, "बुडबुडा कुणाचा?"

खरंच की. त्या जहाजावर मराठी बोलणारं आमच्या सहाजणांखेरीज कुणी नव्हतं. बाकी प्रवासी अमेरिकन, जर्मन, काही ऑस्ट्रेलियन. जेवण त्यांच्या चवीचं, वेळा त्यांच्या, संध्याकाळचं पियानोवरचं संगीत त्यांचं. काकू पहिले दोन दिवस सूप, ब्रेड आणि फळांवर होती. म्हणजे ती ओळखीच्या बुडबुड्यात नव्हतीच, ती दुसऱ्याच्या बुडबुड्यात पाहुणी होती. आणि प्रागच्या फ्लॅटमध्ये, जिथे माझ्या तक्त्याप्रमाणे ती 'बाहेर' होती, तिथे रोज मुगाची खिचडी होत होती, वर मेतकूट होतं, सगळे मराठीत बोलत होते. ओळखीचं सगळं तिथे होतं! कोहेनच्या दोरीवर बघायला गेलं तर काकूला प्राग आवडायला हवं होतं. तिला जहाज आवडलं.

सिद्धान्त आणि माहिती अशी एकमेकांच्या विरुद्ध बसली की दोन मोह होतात. एक, माहिती थोडी वाकवायची. ('काकूला वयामुळे थकवा आला असेल.') दुसरा, सिद्धान्त फेकून द्यायचा. ('पाश्चात्त्य सिद्धान्त आपल्याला लागू होत नाहीत.' हे वाक्य तर सेमिनारमध्ये टाळ्या घेतं.) दोन्ही आळस आहेत. करायचं काम मधलं आहे: नेमकं कुठे लागू होत नाही ते शोधायचं.

मला दोन जागा सापडल्या. पहिली, कोहेन माणसांचे प्रकार करतो. पण आमचं हे कुटुंब बुधवारी पहिल्या प्रकारचं होतं आणि शनिवारी तिसऱ्या. माणसं तीच, पासपोर्ट तेच, काकांची टोपीसुद्धा तीच. तेव्हा प्रकार माणसाचा नाही, दिवसाच्या व्यवस्थेचा आहे. याला आपल्या भाषेत विश्लेषणाचं एकक म्हणतात. मुलाखतीला बसण्याआधी हे ठरवलं नाही तर पुढे सगळं कोसळतं: तुम्ही मोजताय काय? माणूस, कुटुंब, सहल की दिवस? मी 'कुटुंब' धरून चालले होते. कुटुंब धरलं की काका आणि काकूंची दोन उत्तरं मिसळून एक 'समाधानी' उत्तर तयार होतं, आणि जे शोधायचं तेच नाहीसं होतं.

दुसरी जागा व्हिसाची. कोहेनचा भटक्या आराखडा न करता निघतो. शेंगेनचा व्हिसा मागणाऱ्या भारतीय माणसाला ही चैन नाही. कुठल्या रात्री कुठे झोपणार ते आधी दाखवायचं, किमान ३० हजार युरोचं विमा-संरक्षण घ्यायचं, १८० दिवसांत फार तर ९० दिवस राहायचं. आणि ज्या देशात जास्त मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करायचा. आमच्या लोकांच्या सर्वाधिक रात्री ऑस्ट्रियात होत्या, म्हणून अर्ज ऑस्ट्रियाकडे. दादाला प्रागला खरं तर पाच दिवस हवे होते. पण मग चेक प्रजासत्ताकाच्या रात्री जास्त भरल्या असत्या आणि अर्ज तिकडे करावा लागला असता, हातातली सगळी तयारी नव्याने. त्याने दोन दिवस कापले. म्हणजे आमच्या 'स्वतंत्र' प्रवासाची लांबी स्वातंत्र्याच्या हौसेने ठरली नाही, अर्जाच्या नियमाने ठरली. हे कोहेनला दिसलं नाही म्हणून त्याला दोष देत नाही; ज्या पासपोर्टवर माणूस हिंडतो त्याच्यावर त्याला काय दिसतं हेही अवलंबून असतं.

पण या दोन जागांनीही काकूचं वाक्य सुटत नव्हतं. शेवटी मी तिच्याकडे परत गेले आणि 'काय आवडलं' हे विचारायचं सोडून दिलं. त्याऐवजी विचारलं, "सकाळी उठल्यापासून काय काय केलंस, ते सांग. आधी जहाजावर, मग प्रागला."

जहाजावरची यादी छोटी निघाली. उठले, गॅलरीत बसले, काकांच्या गोळ्या काढल्या, नाश्ता, फिरून आले, पडले. तिला एकच गोष्ट अवघड गेली होती. खोली आवरायला येणारी मुलगी यायच्या आधी काकू स्वतःच चादरी ताणून ठेवायची. "ती बिचारी किती खोल्या करणार?" तिसऱ्या दिवशी त्या मुलीने हसून हातानेच 'नको' म्हटलं, मग काकूने तिला बाकरवडीचं पाकीट दिलं. हे ऐकून मी वहीत एक नवी ओळ लिहिली: काम नाहीसं झालेलं नाही, दुसऱ्या बाईकडे गेलंय.

प्रागची यादी मात्र लांबत गेली. पहिल्या संध्याकाळी मीठ, तांदूळ, दूध शोधणं, तेही चेक भाषेतल्या पाकिटांवरून. कुकर नाही, म्हणून पातेल्यात खिचडी, तीनदा ढवळून. वॉशिंग मशीनचं बटण कुठलं यावर वहिनीबरोबर अर्धा तास. काकांना वेळेवर खायला लागतं, म्हणून सकाळी डबा. डबा! चार्ल्स ब्रिजवर! आणि बाहेर निघताना गॅस, नळ, खिडक्या, किल्ली. ट्रामच्या कागदी तिकिटावर चढताना एकदा शिक्का मारून घ्यायचा असतो, तो मारायला विसरायचं नाही, हे लक्षात ठेवायचं काम वहिनीकडे. काका म्हणाले ते खोटं नव्हतं, ते खरंच मनासारखं फिरले. त्या मनासारखं फिरण्यामागे दोन बायकांचे तीन दिवस होते.

आर्ली हॉकशील्डचं 'द सेकंड शिफ्ट' हे १९८९ चं पुस्तक नोकरी करून घरी आल्यावर बाईची सुरू होणारी दुसरी शिफ्ट दाखवतं. मी ते 'घर' या कप्प्यात ठेवलं होतं, 'पर्यटन' या कप्प्यात नाही. माझी चूक तिथे होती. ते पुस्तक तिथून उचलून इकडे आणलं आणि पहिल्यांदा मला विषयाऐवजी प्रश्न दिसला: बांधून घेतलेल्या सहलीतून कुटुंब 'स्वतंत्र' प्रवासाकडे वळतं, तेव्हा कंपनी करत होती ती कामं कुटुंबात कुणाकडे जातात?

बघा, यात 'अभ्यासणे' नाही. याचं उत्तर 'काकूकडे' येऊ शकतं, 'सगळ्यांकडे सारखं' येऊ शकतं, 'मोबाइलकडे' येऊ शकतं. म्हणजे मी चुकू शकते. ज्या प्रश्नात चुकायची सोयच नाही तो प्रश्न नाही, ती घोषणा.

चुकले तर मी लगेचच. उत्साहाच्या भरात गाइडना लिहिलं, 'स्त्रियांना बांधीव सहल आवडते, पुरुषांना मोकळी.' मग मावशीची मुलाखत झाली.

मावशी चौसष्ट वर्षांची, एकटी राहते. तिला प्रागच सगळ्यात आवडलं. फ्लॅटमध्ये पहिल्याच रात्री तिने जाहीर केलं, "मी पाहुणी आहे, मी भांड्याला हात लावणार नाही," आणि रोज सकाळी व्हल्तावा नदीच्या काठावर जाऊन बसली. मग 'स्त्रिया' हे उत्तर कसं टिकणार? टिकत नाही. काकू त्या घराची गृहिणी होती, वहिनी सून होती, मावशी कुणाचीच कुणी नव्हती, म्हणजे त्या फ्लॅटपुरती. फरक बाई-पुरुष एवढाच नाही, घरातल्या नात्यातल्या जागेचा आहे. आपल्या म्हणण्याला छेद देणारी अशी एक मुलाखत दहा होकारांपेक्षा मोलाची असते. ती गाळावीशी वाटते तेव्हा तर नक्की ठेवा.

मावशीचं आणखी एक सांगायचा मोह आवरत नाही. तिच्या फोनमध्ये पासाउच्या टाउन हॉलच्या भिंतीचे भरपूर फोटो आहेत. टाउन हॉलचे नाहीत, भिंतीचे. तिथे जुन्या पुरांच्या खुणा कोरल्या आहेत, आणि वरच्या खुणांत २०१३ ची आहे: जूनमध्ये पाणी १२.८९ मीटरवर गेलं होतं, १५०१ नंतरचा सर्वांत मोठा पूर. बाकीचे आइस्क्रीम शोधत होते आणि मावशी मान वर करून उभी. उल्हास नदीने २००५ च्या जुलैत काय केलं ते तिला ठाऊक आहे. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, हजाराहून जास्त प्रवासी बाहेर काढावे लागले, त्या दिवशी मावशीच्या तळमजल्यावर पाणी होतं. जॉन अरीने १९९० च्या 'द टुरिस्ट गेझ'मध्ये म्हटलंय की पर्यटकाची नजर घडवलेली असते, काय बघायचं ते समाज शिकवतो. तो जाहिराती, पोस्टकार्डं, छायाचित्रं यांच्याबद्दल बरंच बोलतो. मावशीची नजर उल्हासच्या पाण्याने घडवली होती. हा वेगळा पेपर आहे, मला माहितेय. वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलाय. तुम्हीही मागचं पान ठेवा, नाहीतर असले मोह प्रबंधात घुसतात.

आता सगळ्यात अवघड भाग. एका कुटुंबावरून मी काय म्हणू शकते? 'मराठी कुटुंबांत असं होतं' हे नाही. किती कुटुंबांत होतं हेही नाही. म्हणू शकते ते इतकंच, की असं घडू शकतं, आणि ते कसं घडतं, कुठल्या क्षणी काम हस्तांतरित होतं, कोण ते हाताने ढकलून देऊ शकतं. एका केसमधून प्रमाण मिळत नाही, यंत्रणा मिळते. व्हायव्हाला 'सॅम्पल साइझ एक?' असं कुणी विचारलं तर घाबरून 'भविष्यात वाढवू' म्हणू नका. एकाने काय साधतं ते सांगा.

आणि ही केस माझ्याच घरातली. काकूने मला तिचं ऐकवलं ते पुतणी म्हणून, संशोधक म्हणून नव्हे. पहिल्या दिवशी मी संमतीपत्र पुढे केलं तेव्हा ती हसली होती, "सही कसली मागतेस गं?" पण लिहिलेलं वाचून दाखवलं तेव्हा हसली नाही. बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हे खरं आहे. पण दादाने एवढे पैसे खर्चून नेलं, त्याला वाईट वाटेल." संमती म्हणजे कागदावरची एक सही नाही हे मी पुस्तकात अधोरेखित केलं होतं, समोर बसलेल्या काकूचा चेहरा बघताना त्याचा अर्थ कळला. आम्ही असं ठरवलं की आधी दादा आणि वहिनी वाचतील, आणि ज्याला जे नको ते निघेल. दादाने वाचलं, दोन दिवस बोलला नाही, मग फोन करून एवढंच म्हणाला की प्रागला तिसऱ्या दिवशी बाहेर जेवलो होतो, तेही लिही. बरोबर आहे त्याचं, तिसऱ्या दिवशी बाहेर जेवले होते. वहिनीने एक परिच्छेद काढायला सांगितला. तो काढलाय. माझ्या मते तो या लेखातला सगळ्यात चांगला परिच्छेद होता.

पुढची केस घराबाहेरची आहे. उल्हासनगरचं एक सिंधी कुटुंब सप्टेंबरात ऱ्हाईनवर जातंय, पाच रात्री जहाज आणि मग चार दिवस आपलं आपण. त्यांना मी परत आल्यावर विचारणार नाही, आधीच एक वही दिली आहे. रोज रात्री तीन रकाने भरायचे: आज काय ठरवायचं होतं, कुणी ठरवलं, कुणी केलं. शेवटचे दोन रकाने मुद्दाम वेगळे ठेवलेत.

धोका एकच, पाण्याचा. उन्हाळ्यानंतर ऱ्हाईन उतरते. २०१८ च्या ऑक्टोबरात काउब गावच्या मोजपट्टीवर २५ सेंटीमीटर एवढंच पाणी होतं. (याचा अर्थ नदी वीतभर खोल होती असा नाही, मोजपट्टीचा शून्य तळाच्या वर असतो. आकडा बघितला की आधी विचारा, शून्य कुठे आहे?) पाणी फारच उतरलं तर जहाज थांबतं आणि प्रवाशांना बसने नेतात. तसं झालं तर माझ्या जहाजाच्या पाच रात्री ना जहाजाच्या उरतील ना स्वतंत्र. म्हणून वहीत मी चौथा रकाना वाढवलाय: आज कशातून गेलो.